तेराशे पाच

मानवतच्या पेठेत अप्पांचं दुकान होतं,
सहा फूट बाय आठ, पत्र्याचं,
चैतात आत बसलं की कुकरात बसल्यासारखं.
पाटीवर: मुंजाजी रेडिओ सर्व्हिस.
खाली बारीक अक्षरात: घड्याळं होणार नाहीत.

दुरुस्त झालेल्या संचाचा काटा
ते आधी तेराशे पाचवर न्यायचे.
परभणी लागली की संच पास.
मी तिसरीत. विचारलं, तेराशे पाच काय?
रुपये?
त्यांनी आयर्न स्टँडवर ठेवलं, माझं बोट धरलं
आणि उंबऱ्यापासून पावलं मोजत निघाले.
किराणा, सायकलवाला, मशिदीची भिंत,
तीनशे पावलांवर जिनिंगचं फाटक.
'ही बघ. ही एक लाट.
दुकानापून हितवर एक.
आन अशा तेरा लाख पाच हजार
एका सेकंदात निघत्यात.'
मी मागं वळून पाहिलं, दिसते का.
सरकीच्या पोत्यावर एक कुत्रं झोपलं होतं,
लाटेच्या बरोबर मधोमध.

परतताना मी पळत होते.
त्यांचं एक पाऊल, माझी तीन.
म्हणाले, 'बारीक लाटंचं आसंच आस्तंय.
पाऊल आखूड, मग घाई जास्ती.
पर पोचत्यात समद्या संगंच.'
दुकानात आम्ही एकदमच शिरलो
आणि मला वाटलं, हे त्यांनी माझ्यासाठी रचलंय.

रचलेलं नव्हतं.
कॉलेजात कळलं: तरंगलांबी गुणिले वारंवारता,
एक वाढली की दुसरी तेवढीच घटते
आणि गुणाकार जागचा हलत नाही.
सरांनी फळ्यावर लांब पट्टा काढला.
डाव्या टोकाला अप्पा.
मग एफएम, अर्ध्या धोतराहून थोडी मोठी.
मग मोबाइलच्या टॉवरची, वीतभर.
मग तापल्या पत्र्याची,
जी पाठीला कळायची आणि डोळ्याला नाही.
मग एक चिंचोळी फट, तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत,
आणि दिसतं ते सगळं त्या फटीत:
हुरडा, अप्पांचा दोरा बांधलेला चष्मा,
हा फळाही.
फटीच्या पार उजवीकडं, खडू संपता संपता,
माझी नोकरी.

मार्चमध्ये अप्पा दुकानावर चढले
जुना एरियल काढायला,
आणि उतरले ते एकदम.
परभणीला माझ्याच टेबलावर त्यांचा उजवा हात.
'मनगट प्लेटवर. हलू नका.'
पेशंटला बोलतात तसंच बोलले मी.
ते माझ्या एप्रनकडं बघत होते.
'शिसं हाय का त्यात?
मी जलमभर डागलं, तू नेसलीस.'

काचेआड गेले. बटण. जराशी भुणभुण.
'झालं?'
'झालं.'
'कंच्या मीटरची हुती?'
मी म्हणाले, एक मीटर घ्या,
त्याचे हजार कोटी तुकडे करा,
त्यातला एक उचला. तोही मोठाच होईल.
ते बराच वेळ गप्प बसले.
मग म्हणाले, 'लई घाई आसंल मंग तिला.'
स्क्रीनवर हाडं उजळली,
चामडी नाही, डागांचे व्रण नाहीत,
पन्नास वर्षांचं काम कुठंच नाही,
फक्त मनगटाशी केसाएवढी काळी रेघ.
'हं,' ते पुढं वाकले. 'कनेक्शन गेलंय की हितं.'

स्टँडपर्यंत चालतच गेलो.
गळ्यात हात अडकवलेला, तोल सांभाळत
ते भराभर बारीक पावलं टाकत होते,
आणि मी किती लांब टाकते
हे मला त्या दिवशी कळलं.
मी पाऊल आखूड केलं नाही.
त्यांनी ते लगेच ओळखलं असतं.

मानवतची गाडी लागलेली होती.
खिडकीशी बसून त्यांनी पाकिटातून फिल्म काढली,
उजेडाला धरली, उलटी,
आणि डाव्या अंगठ्यानं तिचा कोपरा
हळूहळू फिरवत राहिले,
खरखर जाईपर्यंत फिरवायचे तसा.