आठ धागे

डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहून दिलं : रोज अर्धा तास चालणे.
खाली : मीठ कमी, शेंगाचटणी बंद.
चटणीचं मी बघून घेतो, म्हटलं,
चालायचं कुठं ते लिहा.

बाग रस्त्याच्या पलीकडं आहे.
बँक पलीकडं, रेशन पलीकडं,
बीपीच्या गोळ्या फुकट देतात तो दवाखानाही पलीकडं.
अलीकडं आम्ही.

एकोणचाळीस वर्षं मागावर काढली.
आधी माझे कान गेले, मग माग भंगारात गेले.
हॉर्न आता तळपायांना कळतो,
आणि त्यांना कळेस्तोवर ट्रक आलेला असतो.

दस्तगीरचे कान शाबूत होते.
त्याला कुणी उडवलं नाही. हिरव्याचा लाल झाला,
दोन पावलं उरली होती, घाई केली, एवढंच.
खुब्याचं हाड.
आता दारात खुर्ची टाकून बसतो
आणि चौकातून येणाऱ्याला विचारतो, "आज कितने?"

म्हणजे किती सेकंद.

पाचव्या दिवशीचं पाणी भरून झाल्यावर
आम्ही सातजण चौकात जाऊन उभे राहिलो.
वही नरसम्मा गुंडेटीकडं.
विड्या वळून वळून तिच्या बोटांचे ठसे पुसले गेलेत,
हयातीच्या दाखल्याला मशीन तिला जिवंत धरत नाही.
नातू म्हणाला, मोबाइलात घड्याळ आहे की आजोबा.
मला घड्याळ कशाला?
माझा माग सेकंदाला दोन खटके घ्यायचा,
डोक्यात तो अजून चालू आहे, रात्रपाळीलासुद्धा.
ओकटि, रेंडु, मूडु...
मोजताना मी शाळेतलं मराठी विसरतो.

हिरवा दिवा : अठ्ठावीस खटके.
शिवलिंगप्पा, काठीसह : सेहेचाळीस.
नरसम्मा, रेशनच्या पिशवीसह : एक्केचाळीस.
मी : छत्तीस.
मला वाटत होतं, मी अजून बरा आहे.

अर्जावर सहा सह्या, एक अंगठा.
अंगठा नुसता शाईचा डाग.
साहेब चांगला माणूस, चहा सांगितला.
म्हणाला, आजोबा, सोलापूरच्या उन्हात या वयात
बाहेर पडता कशाला? घरात कुणी नाही का?
नरसम्मा रागावली की तेलुगूत जाते.
साहेबाला कळलं नाही. शिपायाला कळलं,
तो भिंतीकडं तोंड करून हसला.
मी भाषांतर केलं, जरा धुऊन :
ती म्हणते, घरात सगळे आहेत.
बँक घरात नाही.

चार महिने. सहा फेऱ्या.
दुसरा मजला, लिफ्ट बंद.
(डॉक्टरीणबाई, हे चालणं धरायचं का?)

मग एका सकाळी अठ्ठावीसला पाय आपोआप थबकला
आणि दिवा हिरवाच.
एकोणतीस. तीस. मागचा रिक्षावाला काहीतरी ओरडला,
ऐकू आलं नाही, बरं झालं.
छत्तीसला लाल.

दहा सेकंद मागितले होते, चार दिले.
चार सेकंद म्हणजे आठ धागे.
आठ धाग्यांचं कापड किती होतं ते मला विचारा :
करंगळीचं अर्धं नख झाकेल, तेवढं.

तेवढ्यात माझं भागतं. बरोबर माझंच.
शेवटच्या खटक्याला पाऊल पलीकडं,
आणि वळून बघतो तर शिवलिंगप्पा दुभाजकावर,
काठी दोन्ही हातांनी धरून,
दोन्हीकडून गाड्या,
पुढच्या हिरव्याची वाट बघत उभा.
तिथून मला हात करतो, जा बे, तू जा.

मी जात नाही.

संध्याकाळी दस्तगीर विचारतो, "आज कितने?"
छत्तीस.
"और आप्पा?"
मी वही उघडतो, नवं पान काढतो.
तो खुर्चीचे हात धरून उठतो,
दोन पावलं टाकतो, बसतो,
माझ्याकडं बघतच नाही.
अकरा खटके.
त्याला सांगत नाही मी.
वहीत लिहितो.