पोत ओळखा : गुण दोन

प्रश्न सहावा. ध्वनिफीत दोनदा वाजवली जाईल.
मी वाजवते. बाहेर गारा, खिडकीची झडप सैल,
लुईस बेटावरच्या या शाळेत
चौदा मुलं पेन्सिली चावत ऐकतायत.

वर्षभर शिकवलं ते असं:
पोत म्हणजे काय, तर डोळे मिटा
आणि शेजाऱ्याच्या स्वेटरवर बोट फिरवा.
बाई एकटीच गुणगुणत दूध काढते, तो एकेरी.
एक आवाज पुढे चालतो, बाकीचे त्याचं सामान उचलतात,
तो दुसरा.
तिसऱ्यात चार आवाज चार वाटांनी निघतात
आणि कुणीच कुणाचा नोकर नसतो.
चौथ्याचं नाव लांबलचक. फळ्यावर लिहीपर्यंत
तास संपला.

फितीत आमच्याच गावचं चर्च आहे.
स्तोत्राची ओळ टोर्क्विल एकटा देतो,
होडीतून धक्क्यावर दोर फेकावा तशी,
मग साठ माणसं ती धरतात,
ज्याच्या त्याच्या वेळी.
वाद्य नाही. तालाला कुणी विचारत नाही.
सूर तोच, पण त्याला साठ कडा:
कुणी आधी वळतं, कुणी वळणावर घुटमळतं,
कुणी दोन सुरांमध्ये इवलीशी पायरी बांधतं
आणि तिच्यावरच बसून राहतं.

रात्री पेपर तपासले.
अकरा जणांनी 'तिसरा' लिहिलं. चूक.
एकीने लिहिलं, 'गोंधळ'.
तिला अर्धा गुण द्यावासा वाटला.
इशबेलने चौकट कोरी ठेवलेली,
आणि समासात, मुंगीच्या अक्षरांत:

"मागे राहणारा जाड आवाज बाबांचा आहे.
घरी मागावर ते कधीच मागे राहत नाहीत.
पण चर्चमध्ये त्यांच्या शेजारी फिनलाय बसतो.
त्याचा श्वास ओळीच्या मध्येच संपतो.
म्हणून बाबा थांबतात.
बाबांसाठी मागचा बाक थांबतो.
याला काय म्हणतात ते आठवत नाही."

नमुना उत्तरात एकच शब्द आहे.
तो तिने लिहिलेला नाही.
लाल पेन हातात तसंच. चहाची साय झाली.

रविवारी गेले. बावीस वर्षांनी.
ग्लासगोत घडवलेला गळा,
मोजूनमापून घेतलेला श्वास.
टोर्क्विलने ओळ टाकली, मी झेलली,
आणि नेमक्या क्षणी, नेमक्या सुरावर
सगळ्यांच्या आधी जाऊन पोचले.

तिथे कुणीच नव्हतं.

मागून ते येत होते,
ओल्या लोकरीच्या कोटांतले, घसा खाकरत,
एकमेकांच्या चालीने चालणारे.
एवढ्या मोठ्या सुरात मी एकटी,
जशी कुणाच्या तरी घरी
वेळेआधी आलेली पाहुणी.

मग श्वास चोरून घेतला, हळूच,
आणि सूर तसाच धरून ठेवला
दार धरून ठेवतात तसा.

सगळ्यांत शेवटी फिनलाय आत आला.