सोळा किलो

भिंत अकरा फूट दोन इंच.
तीनदा मोजली, कारण दर वेळी टेप
स्विचबोर्डाच्या कोपऱ्याला अडकून
अर्धा इंच खोटं बोलायची.

कर्वे रोडच्या चकचकीत शोरूममध्ये
सेल्समन विद्याधरकडे बघून म्हणाला,
"सर, शोपीस ठेवायला ना? यात आतून लाइट लागतो."
विद्याधर म्हणाला, "मॅडमना विचारा. मी नुसता पिशवी धरतोय."
मी फळीच्या मधोमध तळवा टेकला, जरा भार दिला.
आत भुसा आणि गोंद, वर सागवानाचा फोटो.
फळी हसली.
"वजन किती पेलेल?"
"नॉर्मल वजन पेलतं, मॅडम."

नॉर्मल म्हणजे किती, ते घरी जाऊन मोजलं.
बाथरूमच्या काट्यावर
आधी मी, मग मी आणि फूटभर रेकॉर्ड्स,
मग वजाबाकी. बँकेत बत्तीस वर्षं काढल्यावर
तेवढी जमते.
सोळा किलो.
म्हणजे भिंतभर एका ओळीवर
अडीच माणसं, जेवून उठलेली.

निषादचा फोन: "आई, हे सगळं
नखाएवढ्या चिपमध्ये मावतं."
तूसुद्धा मावतोस की रे फोनमध्ये,
असं म्हणणार होते.
तिकडे थंडी किती आहे ते विचारलं.

शेवटी नाना पेठ. लोखंडी अँगलचं दुकान,
दवाखान्यांच्या, कोर्टांच्या फायली ज्यावर झोपतात तसले रॅक.
गल्ल्यावरचे ओस्तवाल मान वर न करता म्हणाले,
"काय ठेवणार?"
"गाणी."
"किती किलो?"
चाळीस वर्षांत माझ्या गाण्यांबद्दल
इतकं नेमकं कुणी विचारलं नव्हतं.

अँगलला इंचाइंचाला भोक.
खाली तेरा इंच रेकॉर्ड्सना,
वर आठ व्हिडिओ कॅसेटना, सहा सीडींना,
मग पाच-पाच इंचांच्या ओळी, छतापर्यंत,
कॅसेटींच्या. त्यातल्या काही मीच भरलेल्या,
रेडिओसमोर श्वास धरून,
तरी एकीत कुकरच्या दोन शिट्ट्या आल्याच आहेत.

शनिवारी तौसिफ आला, दोन पाने आणि पिशवीभर बोल्ट घेऊन.
"आधी सैल लावायचं सगळं, काकू.
एक कोपरा घट्ट केला की बाकीचे रुसतात."
दुपारी चहा घेताना त्यानं एक रेकॉर्ड
उजेडात तिरकी धरली.
"यात लिहिलेलं कुठंय?"
मी त्याचं बोट धरून कडेवरून फिरवलं.
"खरखरीत लागतंय," तो म्हणाला
आणि बोट पँटला पुसलं, रेकॉर्ड मळू नये म्हणून.

जमीन बाल्कनीकडे उतरती निघाली.
वीस वर्षं आम्ही तिरके राहिलो, कुणाला कळलं नाही.
डाव्या पायाखाली फुटक्या कॅसेटचं झाकण गेलं.

मग लावणं. अकारविल्हे नाही, गायकवार नाही,
पगारवार. जुन्या बाजारातला पहिला महिना
खाली डावीकडे:
अडीच रुपयांची तबकडी, पाठीवर निळ्या शाईत
'चि. सौ. कां. कुमुद हिस, लग्नानिमित्त'.
कोण कुमुद? का विकली?
दर घर बदलताना मी तिला आधी उचलते.

रात्री साडेनऊला विद्याधर म्हणाला, "लाव की एखादी."
आणि लक्षात आलं.
तेरा, आठ, सहा, पाच, सगळं मोजलं,
प्लेअरला जागाच ठेवली नव्हती.
तो डायनिंग टेबलवर आला,
लोणच्याची बरणी सरकवून.

मध्यरात्री रॅक वाजला. टण्.
थोड्या वेळानं पुन्हा, खालच्या अंगाला.
लोखंड भार घेतंय, विद्याधर झोपेतच म्हणाला.
मी ऐकत पडले; ताल लागत नव्हता.

दोन बोल्ट उरलेत.
"उरतातच," तौसिफ म्हणाला होता.
मी ते डबीत घातले, चिठ्ठी चिकटवली:
'कुठले, माहीत नाही',
आणि खाली तारीख.