निरंक

सतरंजीपुरा झोन, जन्म-मृत्यू विभाग.
जन्माची खिडकी पलीकडे, पंख्याखाली.
माझी अलीकडची.

सेवंताबाईचा नवरा तिसऱ्यांदा आला
मेच्या सत्तावीसला,
डोक्याला ओला दुपट्टा, खिशात कांदा,
हातात दाखला.
"शेवंता लिवलं मॅडम तुमी. सेवंता होय ते."
स चा श झाला होता, माझ्याच बोटानं.
दुरुस्त केला. शिक्का मारला.
त्यानं त्या एका अक्षरावरून बोट फिरवलं
सावकाश, शाई वाळली का पाहावं तसं.

त्याला सांगितलं नाही
की महिना संपला की हीच यादी
सगळ्या जगासाठी खुली होते,
आणि त्याआधी मी
नावांचा अख्खा रकाना निवडून
एक कळ दाबते.
नियम बरोबरच आहे.
कुणाचं दुखणं चव्हाट्यावर येऊ नये.
पण सेवंता काय, शेवंता काय,
एकाच पापणीत जातात.
उरतं ते असं:
स्त्री. ५५ ते ५९. झोन सात.
कारण, हृदयक्रिया बंद पडणे.

मरताना कुणाची चालू राहते?

मी विचारलं, काय करत होत्या तेव्हा?
"काय करन? सूत वाळू घातलं वर,
मंग खोलीत येऊन पडली.
पत्र्याची खोली. कुलरले पानी नोतं.
तीन वाजले असन."

उष्माघाताला वेगळा रकाना आहे, एकविसावा.
एप्रिल: निरंक.
मे: निरंक.
सरकारी मराठीतला सगळ्यात थंड शब्द.

गंगाबाई घाटावर वही ठेवतात ते निनावे
(आडनावच आहे, हसू नका).
"आमच्याकडं कारण नसते बाई," ते म्हणाले,
"वजन असते."
मोठ्या माणसाला किती लाकूड, पोराला किती,
आणि तारीख.
रजेच्या दिवशी त्यांच्या बाकावर बसून
मागच्या तीन उन्हाळ्यांची पानं मोजली,
शेजारी सोनेगावच्या वेधशाळेचं तापमान
पेन्सिलीनं.
चव्वेचाळीसला ओळ जराशी सरकते.
सेहेचाळीसला उडी मारते,
पण त्याच दिवशी नाही, एक-दोन दिवसांनी,
जसे नातेवाईक येतात बाहेरगावचे.

मी डॉक्टर नाही.
अकरा महिन्यांच्या कंत्राटावर आहे.
कारणाला हात लावायचा मला अधिकार नाही.
पण सगळ्यात शेवटी एक रकाना असतो, शेरा,
जो कुणी भरत नाही म्हणून
काढून टाकायच्या यादीतही कुणी लिहिला नाही.

तिथं टाइप केलं:
पत्र्याची खोली, वरचा मजला, दुपारी तीन.
खालच्या ओळीत: सिमेंटची पोती उतरवताना.
खालच्या: रिक्षात, सवारीची वाट बघत.
त्याखाली: एकटी होती, दार दुसऱ्या दिवशी उघडलं.
जे खिडकीशी येऊन बोलले, त्यांचंच.
बाकीच्यांचा शेरा कोरा आहे.
तो निरंक नाही, कोरा आहे.
फरक मला कळतो, फाइलला कळत नाही.

दोन जूनला फाइल खुली झाली.
संध्याकाळपर्यंत सतरा वेळा उतरवली गेली.
त्यातल्या तीन वेळा मीच.
उरलेले चौदा कोण, माहीत नाही.
कुणी परीक्षेचं पोरगं असेल, कुणाचं बोट चुकून पडलं असेल.
आणि कुणी एखादी, दूरच्या गार गावात,
स्क्रीन उजवीकडे सरकवत सरकवत
अगदी कडेपर्यंत आली असेल का?

आज सेवंताबाईचा नवरा परत दिसला रांगेत.
छातीत धस्स झालं.
आता कोणतं अक्षर?
"काही नाही," म्हणाला. "इकडून चाललो होतो."
खिशातला कांदा काढून
त्यानं खिडकीच्या फळीवर ठेवला.
"पर्समदी ठेवजा घरी जातानी.
नवतपा सरला म्हन्तेत,
ऊन कुटं सरलं?"