दोन बाय दोन

मिरजेत, स्टेशन रोडला, माझा स्टुडिओ.
अमेरिकेच्या व्हिसाचे फोटो काढून देते.
दोन इंच बाय दोन इंच, मागं पांढरं कापड,
चष्मा काढा, दोन्ही कान दिसू देत,
हसू नका काकू, लेकीकडं पोचल्यावर हसा.

काल रात्री तिकडूनच मेल आला,
ओहायोतल्या कुठल्याशा संग्रहालयाचा.
सोबत जुन्या काचेवरची दोन चित्रं, जोडीनं.
पहिल्यात एक बाई, पदर कपाळापर्यंत, पाय अनवाणी.
दुसऱ्यात तीच. लांब बाह्यांचं पोलकं, मोजे,
मांडीवर पुस्तक, त्यात बोट घातलेलं,
जणू वाचता वाचता कुणी हाक मारली.
मागं पडद्यावर सूचिपर्णी झाडं आणि तळं.
खाली शाईनं: आधी. नंतर. मिरज.

लिहिणारी पोरगी सरळ आहे. म्हणते,
याच खणात अशा आणखी जोड्या आहेत,
तिथल्याच मूळ रहिवाशांची पोरं,
आधी लांब केसांची, नंतर कापलेल्या.
एक काळा म्हातारा, काठीवर दोन्ही हात, खाली 'नोकर'.
नाव कुणालाच नाही.
कॅमेरावाल्याचं मात्र प्रत्येक काचेवर आहे.

मी चित्र मोठं केलं. अजून मोठं.
दुसऱ्यात उजवा कान उघडा,
पाळी फाटून शिवलेली, मधे घडी.

हा कान आमच्या घरात फोटोशिवाय चालत आलाय.
आई म्हणायची, उरसाच्या गर्दीत कुणी कुडी ओढली.
सुगंधामावशी म्हणते, उरूस कसला, नवऱ्यानं.
सात टाके पडले मिशनच्या दवाखान्यात,
टाके काढायला गेली ती तिथंच राहिली,
बाळंतिणींचं करायला.

मेलच्या तळाशी फॉर्म. नावाला एकच चौकट.
सलोमी लिहिलं. खोडलं.
त्याआधी पणजी धुरपा होती, वड्डीची.
पहिल्या चित्राला धुरपा म्हणावं, दुसऱ्याला सलोमी,
तर त्यांचंच आधी-नंतर खरं ठरतं.

आणि ही दोन्ही चित्रं एकाच दुपारची आहेत.
स्टुलाची सावली बघा, बोटभरही सरकली नाही.
तीस वर्षं लोकांच्या सावल्या पुसते मी,
मला कळतं.
मधे गेला तो वेळ
फक्त मोजे चढवायचा.

एवढं कुठल्या चौकटीत लिहायचं?
फॉर्म तसाच उघडा ठेवून झोपले.

सकाळी शटर वर करते तोवर
सतारमेकरांचा अझीम हजर, शिकायला निघालाय.
कपाळावर झुलपं, कानांवर झुलपं.
म्हणतो, काकू, नव्या नियमात
कान नाही दिसले तरी चालतं म्हणे.

म्हटलं, गप बस.
केस मागं घे.