चौथा सांधा

मालगाव रस्त्याला घर, मागं दोन गुंठे मोकळी जागा,
त्यात शेवगा, पेरूची दोन झाडं, कढीपत्ता
आणि शंभर फूट रूळ.
रूळ म्हणजे पितळी पट्टी. दोन पट्ट्यांतलं अंतर
माझी अडीच बोटं.

रोज सकाळी दूध तापायच्या आत लाइन बघून घेतो.
रात्रीत काय होईल सांगता येत नाही.
घुशीनं वळणाखालची माती ओढलेली,
रूळ अधांतरी, वाटीत काढून ठेवलेल्या कवळीसारखे.
शेवग्याची फुलं पॉइंटात अडकलेली.
गोगलगाय बोगद्यातून गेलेली,
तिची चांदीची रेघ रुळावर वाळलेली.
त्या रेघेवर इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरतात.
आधी ओलं फडकं, मग रॉकेल, मग झिरो नंबरचा पॉलिश पेपर,
शेवटी बोट फिरवायचं. काळं लागलं तर परत.

स्लीपर सतारमेकर गल्लीतले.
मुबीनभाई तुणीच्या लाकडाचे तुकडे पोत्यात भरून देतात.
पैसे विचारले की म्हणतात,
"जो तुकडा वाजणार नाही, त्याचे कसले पैसे?"
दोन पावसाळ्यांत ते कुजतात.
मग खडी उकरायची
(खडी म्हणजे क्रशरची कच, पिठाच्या चाळणीनं चाळलेली;
चाळणीवरून घरात एकदा भांडण झालेलं आहे),
कुजका काढायचा, नवा सरकवायचा,
ठोकायचा नाही, दाबायचा.
हे मला वडिलांनी सांगितलं नाही.
त्यांनी काहीच सांगितलं नाही.

वडील चावीवाले होते. आरग ते बेळंकी,
अडीच फुटी छोटी लाइन,
खांद्यावर हातोडा, काखेत दोन झेंड्या,
ढिली दिसेल ती चावी ठोकत जायचं, ठोकत यायचं.
ते रिटायर झाले. पुढं लाइन मोठी झाली,
जुने रूळ भंगारात तोलले.
बघायला गेले नाहीत.

आता नव्वदी. डोळ्यांत मोतीबिंदू पिकून बसलाय,
बाज पेरूखाली.
माझ्या गाडीला ते खुळखुळा म्हणतात.
"चालू झाला का रं खुळखुळा?"
मी ऐकू न आल्यासारखं करतो.

एप्रिलात रूळ वाढतात.
सांध्यात पोस्टकार्डाच्या जाडीची फट ठेवायची,
नाहीतर दुपारी पट्टी नागमोडी होते.
यंदा ठेवली होती. तरी पेरूपाशी आलं की
शेवटचा डबा कलंडायचा.
तीन दिवस मी पालथा पडून बघतोय,
चष्मा, बॅटरी, पोराची शाळेतली स्टीलची पट्टी.
गेज बरोबर. लेव्हल बरोबर. चाकं बरोबर.

बाजेवरून आवाज आला,
"चौथा ढिला हाय."
कोण चौथा?
"टाकीपास्नं चौथा सांधा. टक्‌टक् वाजाय पायजे.
त्यो टक्-फस् म्हंतोय. तीन दिस झालं."

टाकीपासून मोजलं. एक, दोन, तीन.
चौथ्याची फिशप्लेट मी घड्याळाच्या पट्ट्यातून कापलेली,
मधोमध चिरली होती.
नखाला लागली, डोळ्याला नाही.

नवी कापली, कानस मारली, डाग द्यायला कावीळ तापत ठेवली.
ते भिंत धरत आले. उकिडवे बसले.
"मागनं गाडी हाय का कुठली?"
गाडी बंद आहे म्हटलं, बटण माझ्याच हातात आहे.
"त्ये न्हवं. झेंडी लावलीस का?"

घरात लाल काही सापडेना.
कांद्याच्या गोणीची जाळी फाडून काडीला बांधली,
वळणाच्या अलीकडं, दोन रुळांच्या मधोमध रोवली.
त्यांनी ती हातानं चाचपली,
काडी किती खोल गेलीय तेही.
"हं. आता कर."

संध्याकाळी गाडी सोडली, हळू.
पहिला. दुसरा. तिसरा.
चौथ्यावर टक्‌टक्.
बाजेवर काही हालचाल नाही.
गाडी वळणाला लागली आणि मला आठवलं,
झेंडी काढायची राहिली.
इंजिनानं काडी आडवी केली,
जाळी चाकाखालून गेली, डबे तिच्यावरून.

"काय पडलं रं?"
"पेरू," मी म्हणालो.

"एप्रिलात?"