रकाना, सक्तीचा

सेंट जॉन्सच्या बंदराच्या वर, इस्पितळाच्या अर्ध्या इमारतीशेजारी
एक कंटेनर, त्यात ऑफिस, त्यात मॉड पडेस्टर.
बूट काढलेले नाहीत. हीटर आहे, पण गुडघ्यांपुरता.
पडद्यावर फॉर्म चौदा: परांची तपासणी, रोजची.

फॉर्ममध्ये वाऱ्याचा रकाना होता.
होता म्हणजे असा:
दिसेल का? नाही.
सक्तीचा का? नाही.
टोरांटोत कुणीतरी, बिनवाऱ्याच्या खोलीत,
पान आटोपशीर दिसावं म्हणून तो झाकला असणार.
त्याचं नाव बदलांच्या नोंदीत सापडत नाही.
मॉडने शोधलं. दोनदा.

अँब्रोज कीपिंग परांची बांधायचा, बत्तीस वर्षं.
रकाना नाही म्हटल्यावर तो शेऱ्यात लिहायचा:
"थर्मास पडला."
"थर्मास भरलेला होता, तरी पडला."
"सीगल उलटा चाललाय."
शेऱ्याची सक्ती नव्हती. तो आपला लिहायचा.
शेरे कुणी वाचावेत, अशीही सक्ती नव्हती.

अकरा फेब्रुवारीला सातव्या मजल्यावरून
प्लायवुडचा तक्ता सुटला
आणि त्याच्या खांद्यावर उतरला.
चौकशीला आलेल्या बाईंनी एकच विचारलं,
वारा किती होता?
यंत्र म्हणालं: रिकामं.
आदल्या दिवशी? रिकामं.
त्रेसष्ट दिवस, त्रेसष्ट रिकामे.
शून्य नव्हे. शून्य म्हणजे वारा पडलेला.
हे रिकामं म्हणजे
कुणी विचारलंच नव्हतं.

तर आता मॉड विनंती लिहिते आहे.
या कामात हुकमालाही विनंतीच म्हणतात.
कंपनीचा क्रमांक, प्रकल्पाचा क्रमांक, साच्याचा क्रमांक,
मग रकान्याचा, लांबलचक,
ज्याचा उच्चार कुणी कधी करणार नाही.
महिरपी कंसात चार ओळी.
दिसेल: हो. सक्तीचा: हो.
प्रकार: आकडा. एकक: ताशी किलोमीटर.

पाठवते.
चारशे तीन. आपल्याला हा अधिकार नाही.

टोरांटोला फोन.
टोरांटो दीड तास मागे आहे, नेहमीसारखं.
चहा. कंटेनरचा पत्रा वाजत राहतो,
कुणीतरी बाहेरून कडी चाचपावी तसा.
दुपारी अधिकार येतो, एका ओळीचा, "शुभेच्छांसह".
पुन्हा पाठवते.
दोनशे.
म्हणजे झालं. एवढंच. शाबासकी नाही, खेद नाही.

जुने त्रेसष्ट तसेच.
साचा बदलला की पुढचं बदलतं;
मागच्यांवर सह्या होऊन गेल्यात.
ती तरी एकेक उघडून बघते,
आणि तिला कळतं, आकड्याच्या रकान्यात
सीगल मावणार नाही.

रकान्याखाली मदतीच्या मजकुराला जागा असते,
तिथे सहसा कुणी काही लिहीत नाही.
ती लिहिते:
"वारामापक नसेल तर थर्मास बघा.
मग वारामापक आणायला जा."
पुन्हा विनंती. पुन्हा दोनशे.

सोमवारी सकाळी सहाला पहिला फॉर्म येतो.
कीली फज, वय बावीस, अँब्रोजच्या जागी.
वारा: ६८.
पण तो सहीच्या खाली आलाय.
क्रम द्यायचा राहिला होता.
आधी सही, मग वारा! मॉड कपाळावर हात मारते,
खुर्ची ओढते, बूट तसेच,
रकाना वर घ्यायला चौथी विनंती लिहू लागते

आणि शेऱ्यात, जिथे अजूनही सक्ती नाही,
कीलीने लिहिलेलं तिला दिसतं:
"काम थांबवलंय. सीगल दिसतच नाहीत.
अँब्रोजला विचारा,
याचा काय अर्थ धरायचा."